आजीचे म्हणवले जाणारे खमीर

मी खमीर बोलतो आहे. आधी शब्द नीट समजून घ्या, कारण या घरात तो सर्वांच्या तोंडी आहे आणि अर्थ एकीलाच ठाऊक. विरजण दुधाला लागते. बाजारातल्या पुडीत मिळतात ते यीस्टचे दाणे. खमीर म्हणजे कालवलेले पीठ आपल्या आपण आंबून फसफसू लागले की त्यातले राखून ठेवलेले, रोज नवे पीठ खाऊन जगणारे पीठ. जगणारे, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. जे जगते ते मरतेही, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांच्याही ध्यानात राहत नाही.

माझ्या आधी याच बरणीत दुसरे खमीर होते. ते सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंकडून, म्हणजे सुनेच्या नवऱ्याच्या आजीकडून, मिळाले होते. त्याच्यावर घरचा पाव फुगे, वाफेवरचे मऊ गोळे फुगत, आणि सासूबाईंचा अभिमान तर सर्वांत अधिक फुगे. सुनेला त्यांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या होत्या. बरणी दिली नव्हती.

थंडीत बरणी बंद ओव्हनमध्ये ठेवायची, उबेसाठी आतला दिवा तेवढा लावायचा आणि ओव्हनच्या मुठीला लाल फडके बांधायचे, ही या घराची रीत. फडके दिसले की ओव्हन पेटवायचा नाही. सासूबाई लेकीकडे राहायला निघाल्या तेव्हा बरणी सुनेच्या हाती देत म्हणाल्या, की घराचे काय व्हायचे ते होवो, हिला जप. येताच सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलवायचे त्यांनी ठरवले होते.

सुनेने जपले. पण घरात नवराही होता. नकाशे काढणारा हा गृहस्थ कागदावर भिंत रेसभर सरकू देत नाही, आणि स्वयंपाकघरात मात्र डोळे खुंटीला टांगून येतो. नूडल्स परतताना त्याने सोया सॉस ओट्यावर सांडला. पुसायला काहीतरी हवे होते. लाल फडके हाताशी होते. ते सोडले, ओटा पुसला आणि बिस्किटे भाजावीत म्हणून ओव्हन तापवला. आतला दिवा पाहून त्याला एवढेच वाटले की बायको दिवा मालवायला विसरली.

बरणी बाहेर आली तेव्हा आत एक कडक, तपकिरी खापरी उरली होती.

सुनेने खापरी नखाने खरवडून पाहिली. सासूबाई आता ओट्याला हात लावू देणार नाहीत, हे तिला दिसत होते. नवऱ्याने धीर दिला तो असा: “पीठच तर आहे. नवीन कालव. कोणाला कळतंय?”

या वाक्यातून माझा जन्म झाला. कुलीन म्हणावा असा मुळीच नव्हे. तिने गव्हाचे पीठ आणि कोमट पाणी कालवले, वर डोळ्यांतले पाणीही पडले. त्या खारट पाण्याने माझे काही भले झाले नाही, हे नमूद करतो. आधी मी घाण मारली, मग रुसलो, मग निपचित पडलो. ती मात्र चारत राहिली. कधी पीठ अधिक, कधी पाणी कमी, कधी बरणी शालीत गुंडाळून. एके सकाळी मी बरणीच्या काठापर्यंत चढलो.

सासूबाई परतल्या. बरणी उघडून त्यांनी वास घेतला आणि पुन्हा एकदा घेतला. कणीक मळली, आत आल्याचे आणि अळंब्यांचे सारण भरले, गोळे वाफेवर चढवले. गोतावळा जेवायला बसला. जुन्या चवीची सर नव्याला नाही, असे सगळे माना डोलावून म्हणू लागले. माझे वय तेव्हा फ्रीजमधल्या सॉसच्या उघड्या बाटलीपेक्षाही कमी होते. माणसाची जीभ चव घेत नाही, सांगितलेले ऐकते.

स्वयंपाकघरात दोघीच होत्या. बाहेरून नवऱ्याचा आवाज येत होता: “ओव्हन तापत होता, आजीचं खमीर आत होतं, मी धावलो म्हणून वाचलं.”

सासूबाईंनी झारा खाली ठेवला. “फडकं कोणी सोडलं होतं?”

सून झाकणावरचे पाणी पुसू लागली.

“म्हणजे त्यानेच. लहानपणी काच फोडायचा आणि तुकडे उचलले म्हणून शाबासकी मागायचा.” मग बरणी पुढे ओढून त्यांनी विचारले, “हे तू कालवलंस?”

“हो, आई. सांगणार होते तुम्हाला.”

“कधी?”

“गोळे फुगले नसते तर.”

सासूबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बरणीच्या काठावरून त्यांनी बोट फिरवले. त्यांच्या सासूबाईंच्या हातचे काही आता घरात उरले नव्हते, हे त्यांना त्या क्षणी पुरते उमगले असावे. मग त्यांनी पिठाचा डबा सुनेपुढे सरकवला.

“याची भूक मला माहीत नाही. किती घालायचं, तू सांग.”

तेव्हापासून मी फळीवर आहे. दोघी मला आळीपाळीने चारतात. पाहुणे येतात, पाव मोडतात, आणि नातवाने आजीचे खमीर आगीतून कसे वाचवले ते मिटक्या मारत एकमेकांना सांगतात. पाव खुशाल खा. गोष्ट मात्र सुधारून घ्या. आजीचे खमीर वाचले नाही. ते नातवाने भाजून मारले. मला कोणी वाचवलेले नाही. मला सुनेने केले.