बंद दाराची मोजणी

ती यायची ती आवाजाशिवाय. आधी पांदणीच्या वाटेवरची धूळ हलायची, मग पळसाच्या केशरी सावलीतून तिची बॅटरीवरची निळी गाडी निघायची, आणि कडबा चघळणारी माझी म्हैस दचकून मान वर करायची. जन्मभर मी माणूस चाहुलीवरून ओळखत आलो. या पोरीनं ती सवय मोडली.

वृषाली तिचं नाव, रिसोडची. गावातली माणसं कशानं फिरतात, कशावर रांधतात, डिझेल-लाकूड सोडून विजेकडे, सूर्याकडे किती वळली, याचं गणित ती मांडत होती. घर न् घर विचारायचं नाही. चिठ्ठीनं काही घरं काढायची आणि त्यांच्यावरून साऱ्या गावाचा अंदाज बांधायचा. माझी शाळा पाढ्यांपाशीच सुटली, त्यामुळे ही विद्या मला भगताच्या कौलासारखी वाटे.

चिठ्ठ्या टाकायला तांब्याची घागर माझी, सावली माझ्या ओसरीची, छपरावर सूर्याच्या पाट्या माझ्या, तिची गाडी चार्ज व्हायची तीही माझ्याच विजेवर. आणि चिठ्ठीत माझंच घर नाही!

"पुन्हा काढ चिठ्ठ्या," मी म्हटलं.

"मनासारखी निघेस्तोर काढाची असन आबाजी, तं चिठ्ठी कायले पायजे?" असं म्हणून ती हसली. वाळल्या तुरीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळाव्यात, तसं तिचं हसू.

घागरीतून निघालेल्या घरांत एक कौसाचं: गावाच्या टोकाचं, कुडाचं, दाराला कुलूप. सारं बिऱ्हाड ऊसतोडीला गेलेलं. वृषालीच्या साहेबांनी फोनवर बजावलं, पाडव्यापर्यंत दार उघडलं नाही तर ते घर सोडून द्यायचं.

"सोडून काहून द्याचं? मलेच लिही तिच्या जागी," मी म्हटलं. "आता गावात पायी चालते कोण?"

ती हसली नाही. "आबाजी, घरी सापडतात त्याइलेच मोजलं, तं कागदावर सारं गाव गाडीवर फिरन. जे सापडले नाहीत, ते कुठं ठेवू?"

मग ती येतच राहिली. पळसाची फुलं गळाली, कडुनिंबाला मोहर आला, उन्हानं दगडांतली ओल शोषली. ती कुलपासमोर उभी राही. देवळाचं दार उघडायची वाट पाहणाऱ्या माणसाच्या मुद्रेवर जी निश्चल शांतता असते, ती तिच्या मुद्रेवर असे. साहेबांचा फोन आला की नम्रपणे ऐके, नम्रपणे नाही म्हणे. हट्टाचा मी जुना मानकरी. पण एवढा मृदू हट्ट मी कुठं पाहिला नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दुपारी ट्रक आला. भांडी, बोचकी, शेळी, आणि वर कौसा. अंगण झाडायच्या आत वृषाली तिच्यापुढं मांडी घालून बसली.

"मले काहून इचारतं व माय? मोठ्याइले इचार," कौसा माझ्याकडे हात करून म्हणाली.

"तुमचंच घर निघालं मावशी. तुमच्याबिगर गणित लंगडं."

कौसानं पदरानं घाम टिपला. "मंग लिही. चूल लाकडाची, चालणं पायाचं. अन् पावसाळ्यात सून बाळंतपणाले अडली तवा पोराइनं तिले खाटेवर घालून डांबरी सडकेपावतर नेली. खाटीले जागा हाय काय तुह्या कागदात?"

ट्रकातून उतरलेल्या बायका खळाळून हसल्या. वृषालीची बोटं मात्र थबकली. मग तिनं हलकेच लिहिलं, फुलावर पाणी शिंपडावं तसं. डांबरीकडे जाणारी वाट माझ्या दारावरून जाते. म्हणजे ती खाटही इथूनच गेली असणार, आणि मला तिची चाहूल लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाडव्याची पोळी वृषालीला मी कौसाच्या अंगणात, कौसाच्या शेजारी बसून खाऊ घातली. त्या अंगणात मी प्रथमच बसलो होतो. आता तिचं काम सरलं. ती येत नाही. पण तिनं मला माझंच गाव पुरतं दाखवलं, हे उपकार मी मिरवतो. काळ एकेकाला नजरेआड नेतच असतो. गेलेल्याची जागा, तिनं कौसाची राखली तशी, दुसऱ्या कोणानं न भरता राखून ठेवणं, यालाच मी आता आठवण म्हणतो.