मी पुसलेले लांब सूर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बॅटरी केव्हाच गेली, त्यामुळे वायर निघाली की मी जागच्या जागी बंद पडतो. उजवी बिजागरी सैल आहे, म्हणून माझा पडदा भिंतीला टेकवून ठेवतात. बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझी गोष्ट मी मिरवण्यासाठी सांगत नाही. माझ्यामुळे एका मुलीवर अन्याय झाला, तो सांगायचा आहे.

माझी उमेदीची वर्षं महादेवपुऱ्यातल्या एका ऑफिसात गेली. अहल्या माझ्यावर काम करायची. मग साथ आली, ऑफिस बंद झालं आणि ती मला घरी घेऊन आली. तिची मनस्विनी तेव्हा पाच वर्षांची होती. इकडे मीटिंग चालू असायची आणि तिकडे पंखा गरगरायचा, मिक्सर घरघरायचा, खालच्या रस्त्यावरून पालेभाजीवाला ‘सोप्पु, सोप्पु’ ओरडत जायचा. पलीकडच्यांना यातलं काही ऐकू जात नसे. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकीचा गोंगाट पुसून टाकायचा, हे मला शिकवलेलं होतं.

“अहल्या, तुझं घर किती शांत गं,” तिची मैत्रीण प्रतिमा म्हणायची. अहल्या लेकीच्या हातात बिस्किटाचा पुडा देत नुसती हसायची.

पुढे ऑफिसात नवी यंत्रं आली. अहल्याने मला ठेवून घेतलं खरं, पण मी कपाटावर चादरींच्या गठ्ठ्याखाली गेलो. दोन वर्षं कुणी हात लावला नाही. संपलं आपलं, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या जूनमध्ये मला खाली काढलं, धूळ पुसली. मनस्विनी सहावीत गेली होती आणि शाळेच्या वाद्यवृंदात तिला चेलो मिळाला होता. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. पण तो शाळेचा होता. दसऱ्यापर्यंत तिला जमलं तर तो तिच्याकडे राहणार, नाहीतर नंबर लावून बसलेल्या पुढच्या मुलाकडे जाणार, असं गिरीराज सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

घरी सराव करायला सरांनी एक प्रोग्रॅम दिला होता. माझ्यातून बाकीची सगळी वाद्यं वाजायची, फक्त चेलोची जागा रिकामी. ती मनस्विनीने भरायची. मग शेवटी तिने एकटीने वाजवायचं, ते मी टिपून घ्यायचं आणि सरांना पाठवायचं. शाळेत चाळीस वाद्यांच्या गलक्यात एकटीचा सूर वेगळा ऐकू येत नसे, म्हणून सर या रेकॉर्डिंगवरच मत ठरवत.

तिच्या वाट्याला चाल अशी नव्हतीच. गाण्याखाली तंबोरा असतो तसे तिचे सूर, खालचे आणि लांब. एकेक सूर आठ मात्रा धरायचा. ती शाळेतून आली की दूध पिऊन लगेच बसायची. बोटांची टोकं लाल व्हायची.

ऑगस्टअखेर सरांचा निरोप आला. ‘सूर सुरू करते आणि सोडून देते. धरत नाही.’

अहल्याने ऑफिसातून आल्यावर रेकॉर्डिंग लावलं. प्रत्येक सूर उमटत होता आणि क्षणात विरून जात होता. मग नुसती शांतता.

“मनू, मधेच का थांबतेस गं?”

“नाही थांबत, आई.”

“मग हे काय आहे? कॉम्प्युटर काय खोटं बोलतो?”

मी तिथेच होतो. सांगता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

पुढचे आठ-दहा दिवस ती तारांवरचा गज आणखी दाबून ओढायची. सूर आणखी भरीव यायचा आणि मी तो आणखी नेटाने पुसायचो. शेवटी एका शनिवारी तिने चेलो पिशवीतून काढलाच नाही.

बाहेरच्या खोलीत अहल्याचे वडील नरसिंहराव पेपर वाचत होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते उठून दारात आले. नातीला ते लाडाने ‘मरी’, म्हणजे कन्नडमध्ये पिल्लू, म्हणतात.

“काय मरी, आज आपलं घूं नाही?”

“सोमवारी परत देऊन टाकणार, अज्जा. मला सूर धरता येत नाही.”

“कोण म्हणालं? रोज मी तिथे बसून ऐकतो. तुझा एक सूर संपेपर्यंत माझी अर्धी बातमी वाचून होते.”

तिने त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि आत हाक मारली. “अहल्या, स्वल्प इकडे ये.”

त्यांनी पंखा पाचवर केला, माझ्यासमोर बसले, “मी नरसिंहराव बोलतोय” म्हणाले आणि गप्प राहिले. मग टिपलेलं लावलं. त्यांचं नाव स्वच्छ आलं. बाकी काही नाही.

“पंखा कुठे गेला?” त्यांनी विचारलं.

अहल्याने वर पाहिलं, पंखा गरगरतच होता. नरसिंहरावांनी माझ्याकडे बोट केलं.

“एकसारखा घुमणारा आवाज दिसला की हा त्याला पंखा समजून खातो. हिचा सूरही तसाच, एकसारखा घुमणारा. आमच्याकडे लोक तक्रार करायचे, समोरचा बोलत नाही म्हणून. समोरचा बोलत असायचा. आम्ही आधी लाइन तपासायचो. तू पोरीलाच तपासलंस.”

“अण्णा, पुरे आता,” अहल्या म्हणाली. तिने सेटिंग उघडलं आणि गोंगाट पुसण्याची माझी सवय एका खुणेसरशी बंद केली. मग ती मनस्विनीसमोर खाली फरशीवर बसली. “तू सांगत होतीस आणि मी याचं ऐकलं. चुकलं माझं. वाजवतेस?”

मनस्विनीने उठून पिशवीची चेन उघडली.

त्या दिवशी मी सगळं जसंच्या तसं टिपलं. पंखा, शेजारच्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, रिव्हर्स घेणारी गाडी. आणि या सगळ्यांच्या खालून, आठ मात्रा न हलणारा सूर.

रविवारी सरांचा फोन आला. “मॅडम, तुमच्या घरात फारच आवाज आहे,” ते म्हणाले. “पण सूर सरी आहे, अगदी बरोबर. चेलो तिच्याकडेच राहू दे.”

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, माझ्यावर चहा सांडू नका, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. मला जे शिकवलं तेवढंच मला ऐकू येतं. उद्या माझ्यासारख्या एखाद्या यंत्राने तुमच्या मित्राला किंवा धाकट्या भावंडाला नापास ठरवलं, तर लगेच मान डोलावू नका. त्याच्याजवळ जा, खाली बसा आणि म्हणा, “एकदा मला वाजवून दाखव.”