रविवारी फोन आला

मित्रांनो, मला पाय नाहीत आणि पाठही माझी स्वतःची नाही. माझी पाठ म्हणजे घराची भिंत. मी एक जुनं, भिंतीत बसवलेलं कपाट आहे. टेबलं, खुर्च्या, पलंग घर बदलतात. आम्ही मात्र घर विकलं गेलं की घराबरोबर विकले जातो. माझंही तसंच झालं. ते कसं झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

या घराचे मालक चष्म्याची भिंगं घासायचे. मला ज्यानं बनवलं त्या सुताराची नजर अधू झाली होती, म्हणून मालकांनी त्याला मजुरीच्या वर एक चष्माही करून दिला. तो डोळ्यांवर चढवून सुतारानं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, ही मधली फळी तिरकी बसलीय! थांबा, काढून पुन्हा लावतो."

"राहू द्या हो," मालक म्हणाले, "तिच्यावर आम्ही चेंडू ठेवणार नाही, म्हणजे झालं."

असा माझा जन्म हसण्यात झाला. मालकीणबाईंनी माझ्या फळ्यांवर कागद अंथरले, घड्या घातलेल्या चादरी ठेवल्या, वरच्या खणात घराची कागदपत्रं ठेवली. आल्यागेल्याला त्या दारं उघडून दाखवायच्या. "किती सामान मावतं यात!" असं कुणी म्हटलं की मला आतून फुगल्यासारखं व्हायचं.

घरात दोन मुलं होती. मोठी मुलगी, तिला सगळे ताई म्हणत, आणि तिच्याहून आठ वर्षांनी लहान भाऊ, धाकटा. लपाछपीत धाकटा दर वेळी माझ्याच खालच्या खणात शिरायचा. शर्टाचं टोक दाराच्या फटीतून बाहेर लोंबत असायचं. तरी ताई घरभर फिरायची आणि मोठ्यानं म्हणायची, "कुठे गेला बाई हा? सापडतच नाही!" आत तो तोंड दाबून हसायचा.

धाकटा सातवीत असताना मालकीणबाई वारल्या. ताई तेव्हा नुकती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. डबा, शाळा, आजारपण, सगळं तिनं आपल्या अंगावर घेतलं. कुणी लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आधी धाकट्याचं मार्गी लागू दे." धाकट्याचं मार्गी लागलं. तो दूरच्या मोठ्या शहरात नोकरीला गेला, तिथंच त्यानं लग्न केलं, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी अशी दोन मुलं झाली. ताईचं मात्र राहूनच गेलं.

मग मालक थकले. त्यांना आपण आता बाबा म्हणू, कारण घरात त्या हाकेशिवाय दुसरी हाक उरली नव्हती. चाळीस वर्षं भिंगं घासण्याच्या यंत्राची घरघर ऐकून त्यांचे कान गेले होते. पुढे पायही गेले. त्यांचा पलंग माझ्यासमोर आणून ठेवला. माझ्या वरच्या खणात औषधं आली, आणि डाव्या दाराच्या आतल्या बाजूला ताईनं दोरीनं पेन्सिल बांधली. कुठली गोळी कधी दिली, ते ती तिथं लिहायची.

बाबांना फोनवरचं काही ऐकू यायचं नाही. म्हणून धाकट्याचा रविवारी फोन आला की ताई आतल्या खोलीत बोलायची आणि मग त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगायची. पहिलं वर्षभर फोन नेमानं आले. पुढे एक रविवार चुकला, मग दोन. मग महिना महिना फोन नाही. धाकटा वाईट नव्हता, मित्रांनो. तो आज करू, उद्या करू म्हणणारा होता.

पण बाबांचा रविवार काही चुकेना. दुपार झाली की ते विचारायचे, "आला का गं फोन?"

एकदा ताई खरं सांगायला वाकली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली. मग म्हणाली, "आला की! धाकटीला दात आलाय म्हणाला."

बाबांनी तो दात चार दिवस पुरवून पुरवून चघळला. भेटायला येणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितला.

तेव्हापासून दर रविवारी फोन येऊ लागला. मागच्या वेळी काय सांगितलं ते विसरलं तर बाबांच्या ध्यानात यायचं, म्हणून ताई ते माझ्या दारावर, औषधांच्या शेजारी, बारीक अक्षरात लिहून ठेवू लागली. 'रविवारी फोन आला. मोठ्याला चित्रकलेत बक्षीस मिळालं म्हणाला.' 'रविवारी फोन आला. बाबांच्या गुडघ्याला तेल लाव म्हणाला.' सव्वादोन वर्षांत सगळं दार भरत आलं. त्यातले खरे फोन मी बोटांवर मोजून सांगेन, मला बोटं असती तर.

एका रविवारी बाबांनी वेगळंच विचारलं. "माझ्यामागं तुझं काय, हे त्याला विचारलंस का कधी?"

ताई गडबडली. पण खोटं बोलायची सवय जिभेला झाली होती. "विचारायला कशाला हवं? तोच म्हणाला, ताई आहे तोवर घराला हात लावायचा नाही."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरगा गुणाचा आहे," असं ते दोनदा म्हणाले. ताईनं तेही लिहून ठेवलं.

पंधरा दिवसांनी मृत्युपत्र करायला वकीलबाई घरी आल्या. पलंगाशी खुर्ची ओढून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "दोघांना निम्मं निम्मं, ठीक आहे. पण मुलगी जन्मभर या घरात राहील, असं एक कलम घालू या."

"कशाला?" बाबा हसले. "भावानं शब्द दिलाय. बहीणभावांत कलमं कसली घालायची?"

ताई तेव्हा माझ्यासमोर उभी होती. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती आणि ती कडकड वाजत होती, इतकी तिनं ती मुठीत आवळली होती. एक वाक्य, मित्रांनो. एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलली असती तर सव्वादोन वर्षांचे सगळे रविवार एका क्षणात बाबांच्या हातून गेले असते. ती बोलली नाही. बाबांनी सही केली, आणि दोन महिन्यांनी ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर वकीलबाईंनी दोघांना मृत्युपत्र समजावलं आणि ताईच्या राहण्याचं कलम बाबांनी घालू दिलं नाही, हेही सांगितलं. मृत्युपत्र खरं आहे अशी कोर्टाची मोहोर लागते, तिला प्रोबेट म्हणतात. त्याला आठ-दहा महिने तरी लागणार. ताई म्हणाली, "मी थांबते. प्रोबेट झालं की बँकेतून कर्ज काढून धाकट्याचा वाटा देईन आणि इथंच राहीन."

पण धाकट्याची भाड्याची इमारत पाडायला काढली होती. दोन महिन्यांत त्याला बिऱ्हाड हलवायचं होतं आणि नव्या घराला पैसे लागत होते. बँक मोहोर उमटल्याशिवाय ताईला कर्ज देईना. त्यातच घरं रोखीनं विकत घेणारा एक माणूस धाकट्याला भेटला. रंग, गळती, पसारा, आहे त्या अवस्थेत घर घ्यायला तो तयार होता. कोर्टाची परवानगी काढू, सगळी रक्कम एकदम देऊ, असं म्हणाला. भाव अर्थातच कमी होता.

"दहा महिने थांब रे," ताई म्हणाली.

"मुलांना घेऊन रस्त्यावर थांबू का?" धाकटा म्हणाला. मग चिडून बोलून गेला, "तुझं बरं आहे. तू इतकी वर्षं फुकट राहिलीस या घरात."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती माझं दार उघडून दाखवील. तिनं फक्त विचारलं, "सही कुठं करायची?"

कोर्टाची परवानगी आली. करार झाला. धाकट्यानं आपल्या वाट्याची रक्कम त्याच दिवशी नव्या घरापोटी भरूनही टाकली.

घर रिकामं करायच्या दिवशी सकाळी तो आला. ताई स्वयंपाकघरात भांडी बांधत होती. धाकट्यानं औषधांच्या रिकाम्या बाटल्या काढायला माझं डावं दार सताड उघडलं, आणि वाचू लागला. आधी उभ्यानं, मग खोक्यावर बसून.

"ताई," त्यानं हाक मारली. "गुडघ्याला तेल लाव, हे मी कधी म्हणालो?"

ताई पदराला हात पुसत दारात आली आणि तिथंच थांबली. "नाही म्हणालास."

"चित्रकलेचं बक्षीस?"

"त्याला चित्रं काढायला आवडतात, एवढं तू एकदा सांगितलं होतंस. बक्षीस माझं."

तो दाराच्या तळाशी पोचला. तिथल्या काही ओळी त्यानं ओठ हलवत वाचल्या. 'ताई आहे तोवर घराला हात लावायचा नाही म्हणाला. बाबा रडले. पोरगा गुणाचा आहे म्हणाले.'

"म्हणून बाबांनी कलम घातलं नाही?"

ताईनं मान हलवली.

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? मी फुकट राहिलीस म्हणालो तेव्हा तरी?"

"सांगून काय झालं असतं? तू लाजेपोटी थांबला असतास. मला तसं थांबवायचं नव्हतं."

तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मग उठून त्यानं त्या खरेदीदाराला बोलावून घेतलं, हातापाया पडला. खरेदीदारानं त्याला हाताला धरून उठवलं. "साहेब, मी वाईट माणूस नाही. पण मीही पुढचा व्यवहार करून बसलोय. आता माझ्याही हातात नाही." तो खोटं बोलत नव्हता.

"मग माझ्या घरी चल," धाकटा ताईला म्हणाला.

"माझी नोकरी इथं आहे. खोली बघितलीय मी. एका माणसाला पुरे."

"निदान हे दार तरी मला नेऊ दे."

"नको," ताई हलकेच म्हणाली. "त्यातलं तुझं काय आहे रे? सगळं बोलणं माझंच होतं." तिनं ओलं फडकं घेऊन अक्षरं पुसायचा प्रयत्न केला. पेन्सिल लाकडात मुरली होती. ती फक्त थोडी पसरली. ताईनं फडकं पिळलं, माझं दार लावलं, आणि दोघं बाहेर पडले. तो तिची पिशवी घ्यायला हात पुढं करत होता. ती देत नव्हती.

आठवड्यानं मला काढायला दोन कामगार आले. बिजागऱ्या सोडवताना त्यातल्या वयस्काची नजर दारावर गेली. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि निवांतपणे पुष्कळ वाचलं.

"बघ रे," तो जोडीदाराला म्हणाला, "काय मुलगा असेल! एक रविवार चुकवला नाही पठ्ठ्यानं. नाहीतर आमचा!"

ओरडून सांगावंसं वाटलं. पण लाकडाला तोंड नसतं. आता मी अंगणात फळ्या-फळ्या होऊन पडलो आहे आणि वखारवाल्याची गाडी यायची आहे.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. लाकडाचं काय, कुठंतरी उपयोगी पडतंच. पण तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे तुमच्या नावानं चार गोड शब्द आपल्या पदरचे घालून म्हाताऱ्या कानांपर्यंत पोचवतं आणि तुम्हाला त्याचा पत्ता लागू देत नाही. त्या माणसाला खोटं पाडू नका. ते ऐकणारे कान आहेत तोवर, तुम्हीच त्याचं बोलणं खरं करून टाका.