बरगड्या पुसणारं यंत्र

मी छातीचा एक्स-रे काढणारं यंत्र बोलतोय. साधंसुधं समजू नका बरं! मी एका दमात दोन फोटो काढतो, एक मवाळ किरणांचा, एक कडक किरणांचा. मग त्यांची वजाबाकी करून बरगड्या पुसून टाकतो. त्यांच्यामागं दडलेलं फुप्फुस लख्ख दिसतं.

सात महिन्यांपूर्वी मला इस्पितळाच्या तळघरातल्या या खोलीत बसवलं. चाचणीसाठी प्लॅस्टिकची छाती यायची होती, ती काही आली नाही. मला चालवणारे काका भारी उतावळे. "तिची कशाला वाट बघायची? माझी छाती आहे ना!" म्हणत तेच माझ्यापुढं उभे राहिले. नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'नमुना'. इथंच घात झाला. नाव नाही म्हणजे पेशंट नाही, म्हणून तो फोटो तपासायला कुठल्याच डॉक्टरकडे गेला नाही.

तो गेला भिंतीवर. काका येईल त्याला दाखवायचे, "बघा, एक तरी बरगडी दिसते का!" मोठे डॉक्टर वाहवा करून गेले. काकू डबा द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "एवढं आतलं दिसतं, मग यांचा हट्टीपणा कुठं दिसतो का हो?" सगळे खो खो हसले. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

काल नव्या डॉक्टरीणबाई रुजू झाल्या आणि दारातच थबकल्या. मग पुढं येऊन त्यांनी भिंतीवरच्या फोटोवर एका जागी बोट ठेवलं.

"या पेशंटला परत बोलावलं होतं ना?"

"पेशंट कुठला मॅडम, नमुना आहे तो."

"अहो, पण छाती कुणाची?"

"माझीच की!" काका हसत म्हणाले. मग त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला.

बोटाखाली वाटाण्याएवढा डाग होता. मला पाय नाहीत, तरी पायाखालची जमीन सरकली. सात महिने तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला! सगळे नसलेल्या बरगड्या बघत राहिले. डाग कुणीच बघितला नाही, मीसुद्धा नाही.

बाईंनी तिथल्या तिथं नवा फोटो काढायला लावला. या वेळी नाव पूर्ण लिहिलं. काका पुन्हा माझ्यापुढं उभे राहिले. आपला फोटो बिघडावा, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. तो बिघडला नाही. डाग आता बोराएवढा झालाय.

आज काकांना सुई घालून तुकडा काढायला नेलंय. मला दुसरंच कुणीतरी चालवतंय. माझं कौतुक पुरे झालं, लोकहो. मी फक्त दाखवतो, बघायचं तुम्हालाच आहे. आणि काकांचा रिपोर्ट आला, की मला कुणीतरी खाली येऊन सांगा हो.