लोणच्याची बरणी झेरॉक्सच्या गाळ्यात

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. चिनी मातीची, खाली पांढरी आणि वर गळ्याशी तपकिरी. काठाचा एक टवका उडालेला आहे आणि पोटावर लाल रंगात दोन ओळी लिहिलेल्या आहेत. हातखंब्याच्या तिठ्यावर राहीचा झेरॉक्सचा गाळा आहे, तिथे खालच्या फळीवर मी राहते. लोणच्याची बरणी झेरॉक्सच्या दुकानात काय करते, असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

मी कुठल्या भट्टीत भाजले गेले ते आता आठवत नाही. रत्नागिरीच्या बाजारात आवडाबाईंनी मला उचललं, ते मात्र लख्ख आठवतं. त्यांनी बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिलं, "आवाज बरा हाय," असं दुकानदाराला सांगितलं आणि मला मांडीवर घेऊन त्या एसटीत बसल्या. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. लग्नात आलेल्या सगळ्या भांड्यांपेक्षा त्यांचा जीव माझ्यावर जास्त होता, अशी माझी समजूत आहे. ती खोटी ठरवायला अजून कुणी आलेलं नाही.

मग माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. दर उन्हाळ्यात आवडाबाई मला उन्हात वाळवायच्या, हिंगाची धुरी द्यायच्या आणि कैरीच्या फोडी भरून तोंडाला दादरा, म्हणजे पांढरं फडकं, घट्ट बांधायच्या. ओला हात माझ्याजवळ आणायची घरात कुणाची छाती नव्हती. राही सून म्हणून आली, तेव्हा सासूने तिला पहिली ताकीद माझ्याबद्दलच दिली. राहीच्या लेकीचं नाव पूर्वी. ही नात मात्र कुणाला जुमानत नसे. दादरा सोडला की ती हळूच माझ्या काठावरून बोट फिरवायची आणि बोटाला लागलेलं लाल तेल चाटायची. आवडाबाई नेमक्या तेव्हाच दुसरीकडे बघायच्या. त्या इवल्याशा बोटाची मी वर्षभर वाट पाहत असे.

पण एका वर्षी मांजराने उडी मारली आणि माझं झाकण फुटलं. आवडाबाईंनी फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी आणली. "हलकी पडते गो," त्या म्हणाल्या. मी माळ्यावर गेले. रोज खालून फोडणीचा वास यायचा आणि मला फार एकटं वाटायचं.

राहीचा नवरा ओमकार मुंबईला नोकरीला आहे. तिने तिठ्यावर गाळा घेतला आणि झेरॉक्सचं मशीन आणलं. या मशीनची शाई ओली नसते, ती काळी पूड असते. कागदावर न चिकटलेली, वापरून उरलेली पूड मशीनमधल्या एका डबीत साठते. राही ती डबी कागदावर झटकायची, फुंकर मारून साफ करायची आणि वर टेबलावरचा पंखा सुरूच असायचा. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा होई. खोकला तर तिच्या मुक्कामालाच आला होता.

मशीनच्या दुरुस्तीला रत्नागिरीहून हर्षद येतो. त्याने हे पाहिलं आणि आधी पंखा बंद केला.

"वहिनी, ही पूड म्हणजे प्लास्टिकचं पीठ हाय. नाचणीच्या पिठापेक्षा बारीक. उडाली की तुमच्या छातीत जाणार. फुंकर मारू नका, ओल्या फडक्यानं टिपा. आणि हात गार पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं ती वितळते, मग निघता निघत नाय."

"आणि उरलेली कुठं टाकू?"

"टाकू नका. घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवा. भरलं की मी घेऊन जाईन, आमच्याकडून ती ठरलेल्या ठिकाणी जाते."

राहीला माळ्यावरची मी आठवले. झाकण नव्हतं, पण आणू नंतर, असं म्हणून तिने आत पूड ओतली, वर पिशवी लावली आणि दादरा बांधला. अगदी सासूकडून शिकली होती तसा. मला आनंद झाला, मित्रांनो, खोटं कशाला सांगू? पोटात काय आहे यापेक्षा आपण पुन्हा कुणाच्या तरी उपयोगाला आलो, याचंच मला अप्रूप होतं. राही आता तोंडाला मास्क लावी, पंखा बंद करी. तिचा खोकलाही कमी झाला.

शिमग्याच्या आधी गाळ्याला रंग काढायचा होता. राहीने बारीकसारीक सामान घरी आणलं, त्यात मलाही आणलं आणि पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. आत काय आहे ते घरात कुणाला सांगायचं मात्र राहून गेलं.

त्या दिवसांत आमच्याकडे भाजावळ चालते. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, जिथे करायचा, त्या तुकड्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या आणि शेण पसरून ते जाळतात. आवडाबाई चुलीतली राखही वाया जाऊ देत नाहीत, तीसुद्धा त्यावर टाकतात. पडवीत मी दिसले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी दादरा सोडला, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "राहीनं राख साठवलीन वाटतं. शाणी गो बाय." मला कडेवर घेऊन त्या शेतात निघाल्या. छोटी पूर्वी मागून येत होती. किती दिवसांनी मी त्या कडेवर बसले होते! पण पोटातली पूड काय आहे ते मला ठाऊक होतं. मला ओरडायचं होतं आणि बरणीला आवाज नसतो.

आवडाबाईंनी मला विस्तवावर कलती केली. पूड खाली पडण्याआधीच हवेत पसरली आणि त्या काळ्या ढगाने एकदम पेट घेतला. भप्प असा आवाज झाला. आवडाबाई मागे कोसळल्या, मी बांधावर आपटले आणि माझा टवका उडाला.

"आये, आजीचा तोंड जळला!" पूर्वी घराकडे धावली.

राही भरलेली कळशी घेऊन आली. आवडाबाईंच्या भुवया करपल्या होत्या, डोळ्यांत पूड गेली होती आणि त्या डोळे चोळायला हात उचलत होत्या. राहीने त्यांचे दोन्ही हात धरले. "चोळू नका, आई. डोळे उघडा. उघडा म्हणते ना." ती गार पाणी ओतत राहिली. कळशी संपली, शेजारच्या गोदाने दुसरी आणली, तीही संपली. मग रिक्षा करून ती त्यांना रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डोळ्यांवरची पट्टी सुटेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मी पडवीत होते. खाटेवरून आवडाबाई म्हणाल्या, "माजीच बरणी. आपल्या बरणीला काय इचारायचं, असं वाटलं मला."

"तुमची म्हणूनच मी सांगायला हवं होतं, आई," राही म्हणाली आणि रडली. आवडाबाई अंदाजाने तिचं डोकं चाचपडत राहिल्या.

पट्टी सुटली. लगेच पाणी मारलं म्हणून डोळे वाचले, असं डॉक्टर म्हणाले. मीही त्या दिवशी सुटकेचा निःश्वास सोडला.

मग कैऱ्यांचे दिवस आले. आवडाबाईंनी मला मांडीवर घेतलं, गार पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं आणि उन्हात वाळवलं. राही दारात उभी होती. आवडाबाईंनी एक पांढरं फडकं माझ्या आतून फिरवलं. टवक्याच्या उघड्या मातीतून त्यावर एक काळी रेघ उमटली. फडकं त्यांनी उजेडात धरलं. मला पुन्हा लोणचं हवं होतं, मित्रांनो. फार हवं होतं.

"ह्यातलं पोरीला कसं घालू?" त्या म्हणाल्या आणि मला राहीच्या हातात दिलं.

आता मला घट्ट बसणारं झाकण आहे. पोटावर राहीने लिहिलं आहे, 'यात मशीनची पूड आहे. खायची नाही, जाळायची नाही.' मी भरले की हर्षद मला रिकामी करून आणतो. राही हात धुऊन बाहेर पायरीवर जेवते, तेव्हा तिच्या डब्यातल्या लोणच्याचा वास माझ्यापर्यंत येतो. तुमच्या घरातही जुनी बरणी, जुनी बाटली असेल. तिच्यात खाण्याचं नसलेलं काही भरलंत, तर तिच्या अंगावर तसं लिहा आणि घरच्यांना सांगा. आम्हा भांड्यांना बोलता येत नाही.

परवा पूर्वी शाळेतून थेट गाळ्यात आली. मला पाहून सवयीने खाली बसली, झाकणाच्या कडेशी बोट आणलं आणि मग तिची नजर लाल अक्षरांवर गेली. नुकतीच वाचायला लागली आहे ती. एकेक अक्षर लावत तिने दोन्ही ओळी वाचल्या. वाचून झाल्यावर तिने बोट मुठीत मिटलं आणि हात पाठीमागे नेला.

मला फार वाईट वाटलं, आणि फार बरं वाटलं.