ह्यांची शेवंती

आमच्या रामहरीनं शेवंतीला स्वतःचं नाव दिलं हे कळलं, तेव्हा माझी भाकरी तव्यावर तशीच करपली. मी धोंडाबाई, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून वडगाव निंबाळकरला माहेरीच राहते, त्यामुळं त्याला नाव घेऊन शिव्या घालायचा मला हक्क आहे. त्याच्या बायकोला, बनाबाईला, तो नाही. तिनं नवऱ्याचं नाव काढायचं ते उखाण्यात, तेही चार बायकांनी आग्रह केला तर.

आणि शेवंती तर तिची होती. पाटाकडेच्या वाफ्यात पिवळ्या शेवंतीच्या एकाच फांदीला पांढरी फुलं आली होती, पाकळीच्या टोकाला कुंकवाचं बोट लागल्यासारखी. त्याच साली तिची सारजा तापानं गेली. चार वर्षांची पोर. त्यानंतर रामहरीनं घरात पोरीचं नाव कुणाला काढू दिलं नाही. बनाबाईनं मात्र त्या फांदीचे शेंडे खुडून लावले, जगवले, वाफाभर केले. पाणी देताना ती हळूच म्हणायची, "सारजे, पी गं." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

"वन्सं, फुलाला तिचंच नाव देऊ या. पोरीचं नाव तरी राहील," ती मला म्हणाली होती. "तुमी सांगा की ह्यांना." सांगते म्हणाले, पण मी सांगायच्या आधीच, त्याच आठवड्यात हा घोळ झाला.

बारामतीच्या बाजारात दलालानं रामहरीला विचारलं, "ह्या जातीला म्हणत्यात काय?" ज्यानं त्या वाफ्यात कधी पाय ठेवला नाही, ज्याला उसापुढं काही दिसत नव्हतं, त्या गड्यानं मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "रामहरी शेवंती."

मी त्याला फाडून खाल्लं. "आरं मुडद्या, तिनं आता आपलंच फूल इकायचं कसं? तोंड शिवून?"

"त्यात काय, आक्का? नाव घरचंच हाय की."

झालं. सुप्यापासून लासुर्ण्यापर्यंतच्या माळणी 'रामहरी घ्या, रामहरी' म्हणून ओरडू लागल्या, आणि जिनं ती जात जगवली ती टोपलीमागं मुकी. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ह्यांची शेवंती." गिऱ्हाइकं हसायची. मला रडू यायचं, आणि राग त्याहून जास्त.

मग बारामतीला शेतमालाचं प्रदर्शन भरलं आणि आमच्या फुलांना पहिला नंबर मिळाला. फुलांशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'रामहरी शेवंती'. मामलेदारसाहेबांनी बनाबाईला पुढं बोलावलं आणि फुलाचं नाव विचारलं. बायकांना आयतंच कोलीत मिळालं. "घ्या, उखाण्यात घ्या!" रामहरी लाजत लाजत पागोटं सावरायला लागला. मी कपाळाला हात लावला.

बनाबाईनं पदर सारखा केला. मांडवाच्या पार टोकाला जाईल असा आवाज लावला:

"मामलेदार सायबांनी फुलाला दिला दर्जा,
कुशीतनं गेली, वाफ्यात आली, नाव तिचं सारजा."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. उखाण्यातून नवऱ्यालाच वगळणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. मागून एक म्हातारी पुटपुटली, "अगं बया, हिनं तर नवऱ्याला टाकलं!"

रामहरीचं तोंड पांढरंफटक पडलं. तो तरातरा पुढं निघाला. आता हा हिच्यावर हात टाकतो की काय, म्हणून मीही पदर खोचून मागोमाग धावले.

तो बनाबाईला ओलांडून फळ्यापाशी गेला. उपरण्यानं अख्खा फळा पुसून काढला आणि खडू उचलला. आपल्याला लिहिता येत नाही हे त्याला तेव्हा आठवलं असावं. त्यानं खडू शेजारी उभ्या मामलेदाराच्या कारकुनापुढं धरला. पोर गेल्यापासून जे नाव त्यानं कुणाला काढू दिलं नव्हतं, ते सगळ्या मांडवादेखत त्याच्याच तोंडून निघालं.

"सारजा लिवा."