रुहीला कॉलेजला नेणारी गाडी

मित्रांनो, तुम्ही कधी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला अनिल काकांकडे आलात, तर त्यांच्या गॅरेजच्या बाजूला, कुंपणाला लागून एक जुनी चंदेरी गाडी उभी असलेली दिसेल. ती मी. माझ्या एका दाराला गंज चढला आहे, मागची एक काच खाली होत नाही आणि थंडीत बॅटरी दगा देते. माझ्याकडे न पाहता तुम्ही पुढे गेलात तरी मला वाईट वाटणार नाही. पण जरा थांबलात, तर माझी हकीकत सांगेन. खरं म्हणजे ती माझी कमी आणि रुहीची जास्त आहे.

माझा जन्म इथून जवळच, डेट्रॉइटबाहेरच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी आरशासारखी चकचकीत होते. काही वर्षं एका निवृत्त शिक्षिकेने मला जपून वापरलं. मग मंदी आली. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रल्हाद काका इंजिनियर होते, ती कंपनी बंद पडली. त्यांनी आपली मोठी गाडी विकली आणि मला घेतलं. मला घ्यायला आले तेव्हा त्यांच्या पत्नी वसुधा काकू आणि शाळेत जाणारी मुलगी रुही बरोबर होत्या. रुही मागच्या सीटवर चढून बसली आणि तिने लगेच पट्टा लावला, जणू ती माझ्यातच लहानाची मोठी झाली होती.

रुही चार वर्षांची असताना हे कुटुंब पुण्याहून इथे आलं होतं. तिला पुणं आठवत नव्हतं. तिला आठवायचा तो इथला बर्फ, पिवळी स्कूलबस आणि सफरचंदाचा रस काढणाऱ्या सायडर मिलमधले गरम डोनट. प्रल्हाद काकांचा ग्रीन कार्डचा अर्ज जुन्या कंपनीबरोबर बुडाला होता. नव्या कंपनीतून पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागलं. रांग फार लांब होती. आणि नियम असा होता की मुलं एकवीस वर्षांची होईपर्यंतच आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकतात. काका-काकू या गोष्टी माझ्यात बसूनच बोलायचे, कारण घरात रुही असायची.

"तोपर्यंत होईल आपला नंबर," काका म्हणायचे.

काकू खिडकीबाहेर बघायच्या.

रुहीची शाळा संपली तेव्हा तिच्या मार्कांना तोड नव्हती. पण तिच्या व्हिसामुळे मोठ्या युनिव्हर्सिटीत फीची मदत मिळेना. म्हणून ती घराजवळच्या, कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला गेली. एका रविवारी देवळाच्या पार्किंगमध्ये दीपा काकू, म्हणजे या अनिल काकांच्या पत्नी, माझ्या खिडकीशी आल्या.

"आमच्या वेदचं अॅन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत झालं," त्या म्हणाल्या. "रुहीचं कुठे?"

"कम्युनिटी कॉलेज," वसुधा काकू म्हणाल्या.

"हो का? चांगलंय की. घरच्या घरी," दीपा काकू म्हणाल्या आणि लगेच प्रसादाचं बोलायला लागल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण परत येताना रुहीच म्हणाली, "आई, इट्स ओके. नर्स इज अ नर्स. पेशंट विचारत नाही तू कुठे शिकलीस."

मित्रांनो, ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. रोज सकाळी रुही मला घेऊन निघायची. वर्गाआधी पार्किंगमध्ये हीटर लावून बसायची आणि हृदयाच्या झडपांची नावं मोठ्याने म्हणायची. प्रल्हाद काका बरोबर असले की त्यांच्या शर्टावर स्टेथोस्कोप ठेवून म्हणायची, "बाबा, बोलू नका. श्वास घ्या." काका गंभीर चेहऱ्याने श्वास घ्यायचे. तिच्याबरोबर शिकणाऱ्या मुली माझ्या मागच्या सीटवर दाटीवाटीने बसायच्या. त्यातल्या कोणाला काही अडलं की रुही त्यांना समजावत बसायची आणि स्वतः उशिरा घरी जायची.

शेवटच्या वर्षी कॉलेजने तिला उत्कृष्ट विद्यार्थिनी म्हणून निवडलं. पदवीदानाच्या दिवशी मी पार्किंगमध्ये होते, तरी लाऊडस्पीकरवरून तिचं नाव मला ऐकू आलं. तिने भाषण केलं. आपल्या गावाविषयी, म्हणजे ट्रॉयविषयी बोलली. जिथे वाढले तिथल्याच माणसांची सेवा करायची आहे, असं म्हणाली. खूप वेळ टाळ्या वाजत राहिल्या. परत येताना काकूंनी साडीच्या पदराने डोळे पुसले आणि प्रल्हाद काका नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत होते, घर लवकर येऊ नये म्हणून.

पुढच्या वर्षी तिला एकवीस पूर्ण झाली. नंबर आला नव्हता. ज्या घरात ती वाढली, त्याच घरात ती परदेशी विद्यार्थिनी म्हणून राहू लागली. तिने पुढची पदवी घेतली. मग तिला फक्त एक वर्ष नोकरी करायची परवानगी मिळाली, आणि ते वर्ष नेमकं कोविडचं निघालं.

त्या वर्षाविषयी मी जास्त सांगत नाही. हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर ती माझ्यात बसायची आणि किल्ली फिरवायची नाही. तोंडावर मास्कचे वळ उठलेले असायचे. घरी आल्यावर ती गॅरेजमध्येच बूट काढायची. काकू आतल्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज कसं होतं गं?"

"ठीक," ती म्हणायची. एकदा मात्र म्हणाली, "आज मी एका आजींचा हात धरून बसले होते. त्यांच्या मुलाला आत येऊ देत नव्हते. तो फोनवर होता. मी फोन त्यांच्या कानाला लावला. ही वॉज जस्ट सेइंग थँक यू, थँक यू. त्यांना की मला, कळलं नाही."

त्याच सुमारास कॉलेजने हायवेवर एक मोठी जाहिरात लावली. त्यात मास्क लावलेल्या रुहीचा फोटो होता आणि आमचे वीर इथेच घडतात, असं काहीतरी लिहिलं होतं. काका मला मुद्दाम त्या रस्त्याने न्यायचे.

वर्ष संपत आलं. हॉस्पिटलातल्या मुख्य नर्सबाईंना रुही हवी होती. त्यांनी वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, नोकरीसाठी जो व्हिसा असतो त्यात साधी नर्स बसत नाही, आणि दुसरा जो रस्ता आहे त्यात भारतीयांची तीच लांब रांग आहे. उन्हाळ्यात रुही पुण्याला मामाकडे जायला निघाली. विमानतळावर सामान उतरवल्यावरही ती माझं दार धरून उभी होती.

"बाबा, तिकडे कोणी मला 'व्हेअर आर यू फ्रॉम' विचारलं तर काय सांगू?" तिने विचारलं.

"सांग, ट्रॉयची," काका म्हणाले. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. करू काहीतरी."

येताना हायवेवर तिचा फोटो आला. ती आमच्याकडे बघत होती. काकूंनी मान खाली घातली. त्यानंतर काकांनी तो रस्ता सोडला. ऑफिसला जाताना ते मला आतल्या सिग्नलांच्या रस्त्याने न्यायचे, उशीर झाला तरी.

पुढचं सगळं मी फोनवर ऐकलं. शनिवारी सकाळी काका-काकू भाजी आणायला निघायचे, तेव्हा पुण्यात संध्याकाळ असायची. फोन माझ्या डॅशबोर्डवर असायचा आणि रुहीचा आवाज माझ्यात भरून राहायचा. पुण्यात तिची नर्स म्हणून नोंदणी होईना. हे इथले कागद, ते तिथले नियम, यात महिने गेले. शेवटी तिला नोकरी मिळाली ती तिच्या उच्चारांमुळे. एका अमेरिकन आरोग्य विमा कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात, फोन घ्यायची.

"काल मिशिगनमधून एक आजोबा बोलत होते," तिने एकदा सांगितलं. "त्यांना घरी ऑक्सिजन मशीन हवंय. आमच्या लोकांनी नाही म्हटलंय. मला ते 'नाही' त्यांना वाचून दाखवायचं होतं. ते बोलताना धापा टाकत होते, बाबा. आय कुड हिअर इट."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग वाचून दाखवलं. तेच माझं काम आहे. मग ते म्हणाले, तू आमच्या भागातली वाटतेस. मी म्हटलं, हो. म्हणाले, बर्फ पडलाय का गं तुझ्याकडे? मी म्हटलं, बराच."

काकूंनी फोनवर हात ठेवला, हुंदका तिकडे जाऊ नये म्हणून.

एका हिवाळ्यात काका फोनवर बोलता बोलता थांबले. रुही एकदम म्हणाली, "बाबा, एका वाक्यात दोनदा थांबताय. कधीपासून?"

"थंडी आहे गं. हीटर आत्ता लावलाय."

"आई, सोमवारी बाबांना डॉक्टरांकडे ने. प्लीज. सर्दी आहे असं मला सांगू नका."

तिचं खरं होतं. काकांच्या फुप्फुसांचा आजार फार पुढे गेला होता. ज्या वसुधा काकू कधी हायवेवर गाडी चालवत नसत, त्या मला घेऊन हॉस्पिटलला जाऊ लागल्या. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, ओठ आवळून. रुही फोनवर असायची. "बाबांना सरळ बसव. सीट मागे करू नकोस. बाबा, माझ्याबरोबर श्वास घ्या." आणि काका तिच्याबरोबर श्वास घ्यायचे. ज्या हॉस्पिटलात तिने काम केलं होतं, तिथेच ते जात होते. तिथल्या नर्सेस तिची चौकशी करायच्या.

रुहीने इकडे यायला व्हिजिटर व्हिसा मागितला. दूतावासातले लोक नाही म्हणाले. तुझे आईवडील तिकडे आहेत, तू परत येणार नाहीस, असं कारण दिलं. तिने पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर मिळालं. प्रल्हाद काका गेले तेव्हा ती पुण्यात फोनच्या पलीकडे होती. कोणीतरी फोन त्यांच्या कानाशी धरला होता, असं काकूंनी नंतर माझ्यात बसून दीपा काकूंना सांगितलं. ती काय बोलली ते मात्र काकूंनी सांगितलं नाही.

वसुधा काकूंचा इथला व्हिसा काकांच्या नोकरीवर होता. काका गेले, तसा तोही गेला. वकिलाने जेवढी मुदत सांगितली, तेवढ्यात त्यांना घर रिकामं करायचं होतं. लोक येऊन सोफा घेऊन गेले, टेबल घेऊन गेले. मला कोणी घेईना. शेवटी अनिल काका म्हणाले, "वहिनी, गाडी आमच्याकडे राहू दे. बघू नंतर." त्यांनीच काकूंना माझ्यातून विमानतळावर सोडलं. काकू मागे बसल्या होत्या, रुहीच्या जागेवर. अनिल काकांनी काय काय विषय काढले, पण त्या फक्त "हं" म्हणत होत्या. उतरताना त्यांनी मागच्या सीटवरून हात फिरवला, आणि मग त्या गेल्या.

तेव्हापासून मी इथे उभी आहे. पहिल्यांदा अनिल काका आठवड्यातून एकदा मला चालू करायचे. आता त्यांनाही वेळ होत नाही. वेद कॅलिफोर्नियात असतो. माझ्या छतावर बर्फ साचतो आणि आपोआप वितळतो.

मध्यंतरी दीपा काकू फोन घेऊन माझ्यात येऊन बसल्या. घरात पाहुणे होते, म्हणून असेल. त्यांनी पुण्याला फोन लावला.

"रुही, बेटा, मावशी बोलतेय," त्या म्हणाल्या. पूर्वी त्या स्वतःला काकू म्हणवत. "अगं, तुझ्या कॉलेजमधून फोन आला होता. तू माझा नंबर दिला होतास ना, इमर्जन्सी म्हणून. ते आजवरच्या आउटस्टँडिंग मुलांचं काहीतरी पुस्तक काढतायत. विचारत होते, रुही सध्या काय करते. काय सांगू?"

पलीकडे, तिच्या मागे एका खोलीभर माणसं इंग्रजीत बोलत असल्याचा आवाज येत होता.

"सांगा, हेल्थकेअरमध्ये आहे," रुही म्हणाली.

"पुण्यात आहे, असं सांगू?"

"नको. तेवढंच सांगा. खोटं नाहीये ना ते, मावशी."

"नाही गं. खोटं कुठे," दीपा काकू म्हणाल्या. "आणि आई कशी आहे?"

"बरी. माझी रात्रपाळी असते, मी दिवसा झोपते. मी जागी असते तेव्हा ती झोपते. आम्ही दोघी भेटतो चहाला. मावशी, मला कॉल येतोय, ठेवते हं."

फोन बंद झाला. मग दीपा काकूंनी कॉलेजला फोन लावला आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की रुही हेल्थकेअरमध्ये आहे आणि छान चाललंय तिचं. तिकडच्या बाईंना फार आनंद झाला. आमच्या मुलांचं नेहमी असंच चांगलं होतं, त्या म्हणाल्या. दीपा काकू "येस, येस" म्हणाल्या, माझं दार लावलं आणि आत गेल्या.

मित्रांनो, माझं काय, मी पत्र्याची. आज ना उद्या कोणीतरी मला ओढून नेईल आणि माझे सुटे भाग होतील. माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण तुमच्या शाळेतून, कॉलेजातून कोणी हुशार मुलगी गेली असेल, तर तिला कधीतरी फोन करा. कशी आहेस, विचारा. ती छान आहे म्हणेल. तेव्हा लगेच फोन ठेवू नका. थोडा वेळ गप्प राहा, म्हणजे तिला दुसरं काही सांगायचं असेल तर सांगता येईल.